मागचं डावं चाक

हिरवा झेंडा खाली आला, मी क्लच सोडला आणि नेमका तेव्हाच समोर तो पिवळा दिवा लागला.

"आला बघा," मी म्हणाले.

"कोण आला?" शेजारच्या सीटवर बसलेल्या माझ्या सासूबाईंनी मांडीवरच्या रोडबुकातून मान वर केली.

"दिवा. टायरमध्ये हवा कमी असल्याचा. खोटारडा आहे तो, लक्ष देऊ नका."

सायन्सकोर मैदानाच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. आमच्या पुढची गाडी चौकातून दिसेनाशी झाली होती. माझे तळहात घामेजले होते, पण भीतीने नाही. लग्नानंतर मी नुसती भाजी आणि देऊळ एवढ्यापुरतीच गाडी चालवत होते. आज पहिल्यांदा ती कशासाठी तरी चालवत होते.

पिवळा दिवा मात्र डोळ्यांत खुपत होता. मी एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसऱ्या हाताने कपाळावरची टिकली काढली आणि काचेवर, बरोबर त्या दिव्यावर चिकटवून टाकली.

"झालं. आता दिसणारच नाही."

आई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. टिकलीकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पुढच्या चौकात उजवीकडे. आणि वेग कमी कर, आपण लवकर चाललो."

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. अमरावतीच्या एका महिला मंडळाने बायकांसाठी मोटार रॅली ठेवली होती, अमरावती ते चिखलदरा. रॅली म्हटलं की लोकांना वाटतं, जी गाडी सगळ्यांत जोरात पळेल ती जिंकणार. तसं नसतं. कुठून कुठवर किती वेगाने जायचं ते रोडबुकात दिलेलं असतं आणि तो वेग सांभाळत प्रत्येक ठाण्यावर, म्हणजे वेळ तपासायच्या जागी, बरोबर वेळेत पोचायचं असतं. उशीर झाला तर दंडाचे गुण, आणि लवकर पोचलात तर त्याहून जास्त. ठाणी कुठं लपवली आहेत हेही आधी सांगत नाहीत. त्यामुळे चालवणारीइतकीच शेजारी बसून हिशोब करणारी महत्त्वाची.

माझ्या शेजारी खरं तर माझी मैत्रीण बसणार होती. तिला टायफॉइड झाला. मी फॉर्म मागे घ्यायच्या विचारात स्वयंपाकघरात हताश होऊन उभी असताना पोळ्या लाटता लाटता आई म्हणाल्या, "मी येते."

"तुम्ही?"

"काहून? नकाशा वाचता येते मला."

ते मात्र खरं होतं. कुमुदिनी गावंडे म्हणजे माझ्या सासूबाई पाटबंधारे खात्यात अनुरेखक होत्या. साहेबांनी काढलेल्या कालव्यांच्या, रस्त्यांच्या, धरणांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून शाईने ते बिनचूक उतरवून काढायचे, हेच काम त्यांनी रिटायर होईपर्यंत केलं. त्यांचा हात असा की रेघ कधी थरथरली नाही. बोलणंही तसंच, मोजकं. माझ्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि त्यांच्या मनात माझ्याबद्दल काय आहे हे मला कधी समजलं नव्हतं. प्रफुल्ल, माझा नवरा, म्हणायचा, "आईचं असंच असते. तिला काय आवडलं ते तिलाच माहीत." आई येणार म्हटल्यावर तो म्हणाला होता, "अस्मिता, तिला घाटात घेऊन चालली, हळू चालव. तिला सवय नाही."

आता दिव्याचं सांगते. आमच्या गाडीच्या चारही चाकांत आतून एकेक सेन्सर बसवलेला होता. कुठल्या चाकात हवा किती, ते समोरच्या छोट्या पडद्यावर गाडीच्या चित्रात दिसायचं. कमी झाली की पिवळा दिवा. दिवाळीच्या थोडं आधीपासून हा दिवा वेडा झाला होता. पडद्यावर मागचं डावं चाक लाल दिसायचं. मी उतरून मागचं डावं चाक तपासायची, तर हवा ठणठणीत. पंपावर जाऊन चारही चाकांत हवा भरून घेतली की दिवा दोन-तीन दिवस गप्प बसायचा आणि पुन्हा सुरू. शेवटी गाडी वर्कशॉपमध्ये नेली. तिथल्या माणसाने मागचं डावं चाक बघितलं, मीटर लावला, मान हलवली. "चाक एकदम ओके आहे मॅडम. सेन्सरच गेला. नवा मागवावा लागेल, वेळ लागेल."

"मग तोवर?"

"तोवर दुर्लक्ष करा."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा आई टीव्ही बघत होत्या. "दुर्लक्ष करा म्हणाला?" असं त्यांनी विचारलं आणि पुन्हा टीव्ही बघू लागल्या. रॅलीच्या दिवशी सकाळीही मी स्वतः मीटर लावून मागचं डावं चाक तपासलं. हवा हवी तेवढी होती.

वलगाव मागे पडलं आणि आमची लय लागली. आई रोडबुकावर बोट ठेवून बोलत होत्या. त्या बोलण्यात एकही शब्द फालतू नव्हता. "कडुलिंबानंतर डावीकडे. नाही, हा नाही, पुढचा. हं, इथं. आता थोडी वाढव. बस, एवढीच धर." त्यांच्या हातातलं घड्याळ, मांडीवरचं रोडबुक आणि माझा उजवा पाय हे तिन्ही जणू एकाच दोरीला बांधले होते. पूर्णेच्या पुलाच्या पुढे एका बाभळीमागे पहिलं लपवलेलं ठाणं निघालं. टोपी घातलेल्या मार्शल मुलीने आमचा कागद घेतला, वेळ टाकली आणि भुवया उंचावल्या.

"काकू, बरोबर वेळेवर. एक गुणही गेला नाही."

"गाडी पुढे घे," आई मला म्हणाल्या. पण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं ते मी बघितलं.

दुसऱ्या ठाण्यावरही तेच. परतवाड्याला चहासाठी थांबायची सोय होती. तिथं मागच्या वर्षी जिंकलेल्या अकोल्याच्या दोघी बहिणी भेटल्या. त्यांची पांढरी गाडी आमच्या मागेच सुटली होती. त्यातली थोरली माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच त्या का? मार्शल सांगत होती, लाल गाडीला अजून दंडच नाही म्हणून."

माझ्या कानशिलांत रक्त उसळलं. मी आईंकडे बघितलं. त्या चहाचा कप हातात घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारत होत्या. पुढच्या उजव्या चाकाशी जरा थबकल्या, चपलेच्या टोकाने टायर दाबून बघितला आणि परत आल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पाय मोकळे करून राहिली होती."

परतवाडा सोडल्यावर दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा लागल्या. समोर सातपुड्याची निळी रेघ हळूहळू जाड होत हिरवी झाली. मला गाडी जराशी उजवीकडे ओढ घेते आहे असं वाटत होतं. रस्ताच उजवीकडे कलता असेल म्हणून मी स्टिअरिंग थोडं डावीकडे धरून चालवत राहिले. धामणगाव गढीच्या ठाण्यावर पुन्हा दंड शून्य. आता मात्र मला हसू आवरेना. "आई, आपण जिंकतो आहोत," मी म्हणाले. "खरंच जिंकतो आहोत."

"ते आकडे दाखव नं जरा," त्या म्हणाल्या.

"कसले?"

"चाकांचे. पडद्यावर येतात ते."

"आई, पडद्यावर मला किलोमीटर लागतात. ते काढले तर तुमचा हिशोब चुकेल."

"एकदाच दाखव."

मी बटण दाबलं. गाडीचं चित्र आलं. मागचं डावं चाक लाल आणि त्याखालचा आकडा मी आजवर बघितला नव्हता इतका कमी. दुसरा माणूस असता तर दचकला असता, मला नुसतं हसू आलं.

"बघा, एवढी हवा कमी असती तर गाडी घसटत चालली असती. सकाळीच मी हे चाक बघितलं आहे. सेन्सर पार कामातून गेला." मी पुन्हा किलोमीटर लावले.

घाट सुरू झाला. सागाची मोठमोठी पानं रस्त्यावर पडली होती, वळणावळणाला थंड हवा आत येत होती. डाव्या अंगाला डोंगर, उजव्या अंगाला पांढरा रंग दिलेला कठडा, आणि कठड्याच्या पलीकडे खोल खाली दरीत कुठंतरी पाण्याचा आवाज. एका वळणावर आईंनी वेग सांगायचा तो सांगितला नाही. त्याच्या पुढच्या वळणावरही नाही.

"आई, किती धरू?"

"हं? धर तेवढीच."

"तेवढी म्हणजे किती?"

त्यांनी रोडबुकातलं पान उलटलं, परत उलटलं. मला प्रफुल्लचं म्हणणं आठवलं. घाटाची भीती वाटते आहे बिचाऱ्यांना, असं मनात आलं. मी आवाज मऊ केला. "आई, खिडकीबाहेर बघू नका. समोर बघा. मी हळू घेते."

आणि पुढच्या वळणावर म्हशी आल्या. वरच्या मोथा गावच्या गवळ्यांचा कळप असावा, रस्ताभर पसरलेला. मी जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबायला हवी होती. ती थांबली नाही. कुणी हाताला धरून खेचावं तशी उजवीकडे गेली, कठडा झपकन जवळ आला, मी स्टिअरिंग डावीकडे पिळलं आणि कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. म्हशींनी आमच्याकडे बघितलं आणि निवांत पुढे गेल्या.

मग मी पुन्हा पहिला गिअर टाकला.

"थांब," आई म्हणाल्या.

"आई, अजून वेळ हातात आहे. थोडं भरून काढलं तर..."

"गाडी बाजूले घे. आत्ताच्या आत्ता."

आई घाबरल्या की त्यांची पक्की वऱ्हाडी बाहेर यायची हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. मी गाडी डोंगराच्या बाजूला, थोड्या सपाट जागेत घेतली.

"खाली उतर. चाक पाहा."

"मागचं डावं चाक मी सकाळीच..."

"मांगचं डावं नाही. पुढचं उजवं पाहा."

"काहीतरीच काय आई? पडद्यावर तर..."

"अस्मिता, मी सांगून राहिली नं तुले. पुढचं उजवं."

मी उतरले. पुढच्या उजव्या चाकाशी वाकले. टायर निम्मा बसला होता. एवढंच असतं तर ठीक, पण त्याच्या बाजूला, रबराला, अर्ध्या लिंबाएवढा फुगा आला होता. बोट लावलं तर आत दोरे तुटल्यासारखं पोकळ लागत होतं. आणखी दोन वळणं, आणखी एक ब्रेक, आणि हे चाक फुटलं असतं. गाडी कुठल्या बाजूला गेली असती, ते मला कठड्याकडे बघून समजलं.

आई खाली उतरून माझ्या मागे उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला.

"तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

त्यांनी खोचलेला पदर पुन्हा खोचला.

"आई, तुम्हाला कसं माहीत होतं?"

"ते चाक आधी मांगच होतं. डावीकडं. मीच त्याले इकडं लावायले सांगितलं."

"कुणाला?"

"बायपासवरच्या पंक्चरवाल्याले."

माझ्या डोक्यात काही शिरेना. त्यांनी एक दम घेतला आणि एका सुरात सगळं सांगून टाकलं. मी ऑफिसला स्कूटरने जायची, गाडी दिवसभर घरी असायची. आईंनी उन्हाळ्यात एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं होतं. भजनी मंडळाला जाते म्हणून बाहेर पडायच्या ते तिकडेच. लायसन्स मिळालं. मग सराव हवा म्हणून दुपारी आमचीच गाडी काढून बायपासला न्यायला लागल्या. मी घरी यायच्या आत गाडी जागच्या जागी, सीट मागे, आरसा सरळ. एका दुपारी डावीकडे वळताना मागचं चाक फूटपाथच्या दगडावर चढलं. टायरला मार बसला, चाकाच्या चकचकीत रिंगवर मोठा ओरखडा आला.

"पंक्चर काढलं त्यानं," आई म्हणाल्या, "पण ओरखडा दिसत होता. आपली गाडी घरी लावली की डावं अंग दाराकडं येते. तू स्कूटर काढताना रोज त्याच्यावरच नजर गेली असती. मी म्हटलं, हे चाक काढ अन् उजवीकडं पुढं लाव. तिकडं भिंत आहे. कोणी पाहत नाही."

मी मटकन रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले. आता सगळं लख्ख दिसत होतं. सेन्सर चाकाच्या आत असतो. चाक जिथं जाईल तिथं तो जातो. पण चाकांची जागा बदलली आहे हे गाडीला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मार खाल्लेलं चाक पुढे उजवीकडे हळूहळू हवा सोडत होतं, हाका मारत होतं, आणि गाडी त्याच्या जुन्या जागेकडे बोट दाखवत होती. आम्ही सगळे त्या बोटाच्या दिशेने जाऊन एका धडधाकट चाकाला तपासत बसलो होतो. सेन्सर पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

"आई, आपण आत्ता दोघी खाली असतो," मी म्हणाले.

"म्हणून तर बोलली."

"वर्कशॉपवाला सेन्सर गेला म्हणाला तेव्हा का नाही बोललात?"

"मलेही तेच वाटलं. चाक बदलताना त्या पंक्चरवाल्यानं काही तोडलं असंन, आत काय असते ते मले कुठं माहीत. परतवाड्याले चाक दाबून पाहिलं तेव्हा थोडं मऊ लागलं. मग मघाशी आकडा पाहिला. अन् आता गाडी उजवीकडं गेली, तेव्हा समजलं." त्या थांबल्या. "बोलली असती तर तू प्रफुल्लले सांगितलं असतं. अन् त्यानं किल्ली खिशात टाकली असती. त्याच्या बाबांनी टाकली तशी."

"बाबांनी?"

"लग्न नवीन होतं. मले शिकवा म्हटलं. पहिल्याच दिवशी गिअर खरकन वाजला तर किल्ली खिशात. म्हणाले, तू आपले नकाशे काढ. काढले. जिल्ह्यातला एक रस्ता नाही राहिला जो मी काढला नाही. हाही." त्यांनी चपलेने घाटाच्या डांबरावर टकटक केलं. "त्याच्यावर चालवायचं तेवढं राहिलं होतं."

तेवढ्यात खालच्या वळणावर इंजिनाचा आवाज आला. अकोल्याच्या बहिणींची पांढरी गाडी. थोरलीने काच खाली केली, "मदत हवी का?" असं विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं आणि ती गाडी वर निघून गेली. तिच्या मागे आणखी एक.

"उठ," आई म्हणाल्या. "रडायचं असंन तर चाक लावल्यावर रड."

मी रडत नव्हते. मला हसू फुटत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. आईंनी डिकी उघडून जॅक काढला, मी जादा चाक ओढून काढलं. काय आधी आणि काय नंतर हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मागच्या चाकाला दगड लाव, गाडी उचलण्याआधी नट सैल कर, असं सांगत होत्या. पंक्चरवाल्याकडे नुसतं बघून शिकल्या होत्या. शेवटचा नट काही केल्या सुटेना. मी पान्यावर दोन्ही हातांनी भार टाकला, तो एकदम सटकला आणि माझं डावं मनगट डांबरावर आपटून पिरगळलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. तरी चाक बसवून झालं. फुगा आलेलं चाक डिकीत गेलं.

मी ड्रायव्हरच्या जागी बसले, डाव्या हाताने गिअर पकडला आणि कळ कोपरापर्यंत गेली. पुन्हा प्रयत्न केला. गिअर पडेना. घाटात मिनिटामिनिटाला गिअर बदलावा लागतो.

मी आईंकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या होत्या, पदराला हात पुसत.

"लायसन्स कुठं आहे?"

"पर्समधे."

"आणलं आहे?"

"रोजच आणते. भाजी आणायले गेली तरी."

मी उतरले आणि गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसले. आई आत बसल्या. त्यांनी सीट पुढे घेतली, आरसा खाली केला, पट्टा लावला, चप्पल काढून सीटखाली नीट ठेवली. मग एक क्षण दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मी रोडबुक मांडीवर घेतलं.

"घाटात कधी चालवली आहे?"

"नाही."

"चला तर मग."

गाडी जराशी मागे सरकली आणि मग ती हळूच, अगदी न हिसकता वर निघाली. पहिल्या वळणावर त्यांनी इतक्या आधीपासून हॉर्न वाजवायला सुरुवात केली की झाडावरची वानरं पळाली. दुसऱ्या वळणावर समोरून एस.टी. आली. आईंनी गाडी डोंगराला चिकटवून उभी केली, एस.टी.च्या ड्रायव्हरने खिडकीतून बघितलं, साडीतल्या, चष्म्यातल्या बाईला हाताने 'या, या' केलं, आणि आई गेल्या. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब होते आणि त्या पुटपुटत होत्या. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. कान देऊन ऐकलं तर त्या म्हणत होत्या, "दुसरा. आता दुसरा. राहू दे दुसराच."

मोथ्याच्या ठाण्यावर आम्ही खूपच उशिरा पोचलो. तिथल्या मार्शल मुलीने वेळ टाकली आणि खिडकीत वाकली.

"ड्रायव्हर बदलल्या का?"

"हो. चालतं ना?"

"लायसन्स असलं तर चालतं."

आईंनी पर्समधून लायसन्स काढून दिलं. मुलीने फोटो बघितला, आईंकडे बघितलं, तारखेकडे बघितलं. "काकू, हे तर नवंकोरं आहे."

"चालते नं?"

"चालतं." तिने लायसन्स परत दिलं. "इथून शेवटचा टप्पा. वेळ नव्याने सुरू."

त्या टप्प्याला किती वेग ठेवायचा ते मी रोडबुकात बघितलं आणि मला पुन्हा हसू यायला लागलं. धुकं, वळणं आणि गावातली वर्दळ लक्षात घेऊन तो इतका कमी ठेवला होता की बहुतेक बायकांचा तिथं धीर सुटणार, त्या लवकर पोचणार, दंड खाणार. आई मात्र मोथ्यापर्यंत त्याच वेगाने आल्या होत्या.

"आई, किती धरायची सांगू?"

"सांग."

"आहे तेवढीच. काट्याला हलू देऊ नका."

काटा हलला नाही. ज्या हाताने आयुष्यभर रेघ कधी थरथरू दिली नव्हती, तो हात आता तसाच रस्त्यावरून गाडी ओढत होता. धुक्याचा एक पट्टा आला आणि गेला. कॉफीच्या बागांजवळ मागून एक गाडी हॉर्न मारत आली, मी म्हटलं, "जाऊ द्या तिला," तर आई म्हणाल्या, "जाऊ दे तिले, लवकर पोचून दंड भरन." आणि पहिल्यांदाच त्या हसल्या. मोठ्याने, पुढचे दात दाखवून. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. मग मीही हसायला लागले, मनगट ठणकत होतं, धुकं आत येत होतं आणि आम्ही दोघी हसत होतो.

त्या शेवटच्या टप्प्यात आमचा दंड शून्य होता हे संध्याकाळी समजलं. सबंध रॅलीत आम्ही बऱ्याच खाली गेलो होतो. म्हशी, चाक आणि एक न सुटणारा नट यांनी बक्षीस नेलं होतं. पण ते सगळं नंतरचं.

चिखलदऱ्याच्या मैदानावर फुग्यांची कमान लावली होती. तिच्या पलीकडे घरची मंडळी आधीच येऊन थांबली होती. लाल गाडी दिसताच प्रफुल्ल गर्दीतून पळत पुढे आला. आम्हाला उशीर झाल्याचं त्याला समजलं असावं, चेहरा उतरला होता. नेहमीप्रमाणे तो ड्रायव्हरच्या खिडकीकडे आला आणि बोलत बोलतच वाकला.

"अस्मिता, काय झालं, फोन का नाही उचलला? आई कशी..."

तो थांबला. त्याने आईंकडे बघितलं, स्टिअरिंगकडे बघितलं, पलीकडे बसलेल्या माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आईंकडे बघितलं.

आईंनी काच पूर्ण खाली केली.

"सरक थोडा," त्या म्हणाल्या. "गाडी लावायची आहे मला."